गुरांच्या हौदाची नळी

विहीर, मोटार व हौद यांविषयीं आपल्या लोकांत पुष्कळ चर्चा होते; परंतु विहिरीचें पाणी ज्या शेवटच्या पन्नास-शंभर फुटांतून गुरांच्या तोंडाशीं जातें, त्या नळीचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. विहिरीसाठीं लाखों रुपये खर्चणारा गृहस्थ नळी मात्र बाजाराच्या दिवशीं, प्रथम दिसेल त्या दुकानांत, अंगठ्यानें दाबून व भाव विचारून घेतो. ती दोन उन्हाळे पुरली तर नशीब. फुटते तीही बहुधा वैशाखांत, दोन प्रहरीं, घरांतील जाणतीं माणसें लग्नकार्यास गेलीं असतां. हौद कोरडा आहे हें कोणाच्या ध्यानांत येण्यापूर्वीं सांज होते, आणि त्या दिवसाची खूण दुसऱ्या दिवशींच्या धारेंत दिसूं लागते.

हें नुकसान लहान नव्हे. गाईच्या दुधांत शेंकडा सुमारें ८७ भाग व म्हशीच्या दुधांत सुमारें ८३ भाग पाणीच असतें. भाकड जनावराचें ३० ते ४० लीटर पाण्यांत भागतें. परंतु भरपूर दूध देणाऱ्या संकरित गाईस उन्हाळ्याच्या दिवसांत ८० ते १०० लीटर, प्रसंगीं त्याहूनही अधिक, पाणी लागतें. पाणी कमी पडलें कीं जनावर प्रथम वैरण टाकतें, आणि वैरण टाकली कीं दूध घटतें. मालक मात्र पेंडीस दोष देतो. शिवाय कळपांतील रीत अशी आहे कीं मारकी म्हैस आधीं पिते व गरीब कालवड शेवटीं. नळी बारीक असेल, किंवा कोठें मुडपून पाणी मंद येत असेल, तर पुढचीं जनावरें पिऊन जातात आणि शेवटच्या दोघांच्या वाट्यास हौदाचा गाळ येतो. दहा जनावरें सायंकाळीं एकदम हौदावर आलीं व प्रत्येकानें वीस लीटर पाणी प्यालें, तर पाव तासांत २०० लीटर पाणी हवें. मिनिटास १० लीटर देणारी नळी त्या वेळांत १५० लीटरच देते. बाकीचे ५० लीटर हौदांत आधींपासून शिल्लक असतील तर ठीक, नाहींतर कोणीतरी तहानेलें राहिलेंच.

आमच्या वाडवडिलांस नळी ही वस्तु अगदींच नवी नव्हती. सोंडेच्या मोटेची सोंड म्हणजे कातड्याची नळीच होय. जाड नाडा मोट ओढी, बारीक सोल सोंडेचें तोंड वर धरून ठेवी, आणि मोट विहिरीच्या कांठाशीं आली म्हणजे सोंड थारोळ्यांत मोकळी होऊन पाणी पाटास लागे. कातडें उन्हांत वाळलें म्हणजे तडकतें हें घरच्या पोरासही ठाऊक असे. म्हणून मोटेस तेल पाजीत, शिवण वेळेवर घालून घेत व काम संपल्यावर ती सावलीस ठेवीत. आजची नळी कातड्याची नाहीं, एवढ्यावरून तिला ऊन बाधत नाहीं असा समज पसरला आहे. तो समज खोटा आहे, आणि नळ्या अकालीं जाण्याचें मुख्य कारण तोच आहे.

नळी कशाची केली आहे हें समजल्याशिवाय ती कां मरते हें समजत नाहीं. कच्चें रबर उन्हानें चिकट व थंडीनें ठिसूळ होई. अमेरिकेंतील चार्ल्स गुडइयर यानें सन १८३९ मध्यें गंधक घालून तें तापविण्याची युक्ति शोधली, तेव्हांपासून रबराची नळी खरी उपयोगाची झाली. पी.व्ही.सी. हा पदार्थ मूळचा कठीण. सन १९२६ मध्यें गुडरिच कंपनींतील वाल्डो सीमन यानें त्यांत तेलासारखे द्रव मिसळून तो मऊ केला. आज बाजारांत बागेची नळी म्हणून जी मिळते ती बहुतेक ह्याच मऊ केलेल्या पी.व्ही.सी.ची असते. पॉलिथीन सन १९३३ मध्यें इंग्लंडांत सांपडलें, व त्याचा अधिक घट्ट प्रकार, ज्यास आपण एच.डी.पी.ई. म्हणतों, तो सन १९५३ मध्यें जर्मनींत कार्ल झीग्लर याच्या शोधामुळें साध्य झाला. हीं तीन द्रव्यें ध्यानांत ठेवलीं म्हणजे पुढील गोष्टी सोप्या होतात.

मऊ पी.व्ही.सी.च्या नळींतील मऊपणा हा त्या मिसळलेल्या द्रवाचा असतो, मूळ पदार्थाचा नव्हे. ऊन, उष्ण हवा व आंतून वाहणारें पाणी यांमुळें तो द्रव हळूहळू निघून जातो. प्रथम नळी पिंवळट होते, मग ताठ होते, आणि एके दिवशीं गुंडाळतांना कडकन् मोडते. आंत दोऱ्याची जाळी असली तरी तीं भोंकें थांबत नाहींत. जाळी दाबास उपयोगी आहे, उन्हास नाहीं. पारदर्शक नळीचा दुसरा दोष असा कीं तिच्यांत उजेड शिरतो व उजेडाबरोबर शेवाळ येतें. नवी असतां ती कांचेसारखी सुंदर दिसते म्हणून लोक तीच उचलतात. गुरांच्या पाण्यास ती घेऊंच नये, असें माझें स्पष्ट मत आहे. हिरवी, निळी किंवा काळी, पण उजेड न जाणारी नळी त्याच भावांत मिळते, व शेवाळाचा त्रास पुष्कळ वांचतो.

काळ्या रंगाविषयीं दोन शब्द अधिक लिहिणें अवश्य आहे. काळा रंग उष्णता ओढून घेतो, म्हणून काळी नळी लवकर बिघडत असेल असें पुष्कळांस वाटतें. पॉलिथीनच्या बाबतींत गोष्ट उलट आहे. चांगल्या एच.डी.पी.ई. नळांत शेंकडा दोन-अडीच भाग कार्बनची अतिसूक्ष्म काजळी मिसळलेली असते. ती उन्हांतील मारक किरण स्वतः पिऊन टाकते व आंतील द्रव्यास जपते. मोटारीच्या टायरांतही काजळी असते, ती रबरास बळकटी आणण्यासाठीं व उन्हापासून राखण्यासाठीं. तेव्हां काळा रंग हा येथें छत्रीप्रमाणें आहे. मात्र ती काजळी नीट मिसळलेली पाहिजे; भंगार वितळवून काळा रंग दिलेला नळ दिसण्यास तसाच, पण टिकण्यास तसा नव्हे.

रबरी नळीचा मान अजून मोठा आहे, व तो योग्य आहे. आंत कापडाच्या पट्ट्या घातलेली रबरी नळी जड असते, मुडपत नाहीं, बैलाचा पाय पडला तरी दबून पुन्हां उठते. परंतु साध्या रबरास हवेंतील ओझोन व ऊन यांनीं बारीक आडव्या भेगा पडतात, आणि डिझेल किंवा वंगण लागल्यास तें फुगतें. ई.पी.डी.एम. नांवाचें कृत्रिम रबर उन्हास व ओझोनास फार चांगलें तोंड देतें. तेल त्यालाही सोसत नाहीं. ट्रॅक्टरच्या छपरीशेजारीं हौद असेल तर ही गोष्ट विसरूं नये. भाव भारी आहे हें खरें. परंतु नळीचा भाव फुटास किती हें न पाहतां सालास किती पडतो हें पाहावें. कारकुनीच्या दिवसांपासून नोंद ठेवण्याची खोड असल्यामुळें मी नळी आणली कीं तिच्या टोंकाजवळ तैलरंगानें तारीख घालतों व वहींत दुकान, लांबी, भाव व ती टाकून दिल्याचा दिवस लिहितों. घरचे लोक याला नळीचा सातबारा म्हणून हंसतात. परंतु महाग नळी स्वस्त केव्हां पडते हें त्या वहीवरूनच कळतें.

दुकानदाराच्या शब्दावर मात्र हिशेब करूं नये. एका मोठ्या पेठेंतील दुकानांत मला जाळीची नळी देतांना 'पांच वर्षें पाहावें लागणार नाहीं' असें सांगण्यांत आलें. दुसऱ्याच उन्हाळ्यांत तिला जागोजाग चिरा गेल्या. पावती घेऊन गेलों, तर 'हमी दाबाची आहे, उन्हाची नाहीं' असें उत्तर मिळालें! उन्हांत ठेवावयाची नसेल ती नळी शेतकऱ्यानें कोठें ठेवावी, हें विचारलें असतां त्यानें दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरविलें.

आतां दाबाविषयीं. हौद भरण्याच्या नळीस दाब फारसा सोसावा लागत नाहीं, निदान लागूं नये. पाण्याची टाकी दहा फूट उंच असेल तर खालीं दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें ०.३ किलो एवढाच येतो. कोणतीही धड नळी तो सहज सोसते. मग नळ्या फुटतात कां? कारण पुष्कळ ठिकाणीं नळी टाकीस न जोडतां सरळ मोटारीच्या नळास जोडलेली असते व दुसऱ्या टोंकास हौदांत तरंगता बॉल कॉक असतो. हौद भरला कीं कॉक बंद होतो, मोटार चालूच असते, आणि पंपाचा सगळा जोर कोंडलेल्या नळीवर येतो. खोल कूपनलिकेच्या पंपास हा जोर कित्येक किलोंचा होतो. त्यांतही कॉक एकाएकीं मिटला म्हणजे वाहत्या पाण्याचा धक्का बसतो तो वेगळाच. शिवाय नळीवर छापलेला दाब थंड पाण्याचा असतो. उन्हानें तापून मऊ झालेल्या नळीस तेवढा दाब सोसत नाहीं. जेथें विजेची पाळी रात्रीची येते व मोटार आपोआप सुरू होण्याची व्यवस्था केलेली असते, तेथें हा सगळा प्रकार मालक झोपेंत असतां घडतो आणि सकाळीं गोठ्यांत चिखल, विहिरीचें पाणी वायां, व हौद अर्धा असा देखावा दिसतो.

सबब नियम हा कीं मोटारीनें टाकी भरावी, टाकीनें हौद भरावा, आणि नळी व बॉल कॉक हीं दोन्ही टाकीच्या बाजूसच असावींत. मोटारीचें पाणी नळीनें थेट हौदांत सोडणें भागच असेल, तर नळीचें दुसरें टोंक उघडें ठेवावें. बंद होणारें कांहींही तिच्यावर लावूं नये. बॉल कॉक घेतांनाही दुकानांत आपली टाकी किती उंचीवर आहे तें सांगावें. शहरच्या जोराच्या पाण्यासाठीं केलेल्या कॉकाचें छिद्र बारीक असतें; दहा फुटांच्या टाकीवर तो बसविला तर धार करंगळीएवढी येते आणि दोष विनाकारण नळीस लागतो.

नळीची जाडी ठरवितांना आणखी एक गणित उपयोगी पडतें. लांबी व उंची तीच ठेवून अर्ध्या इंचाच्या जागीं पाऊण इंच पोकळीची नळी घातली, तर पाणी दीडपट न होतां जवळजवळ तिप्पट येतें. एक इंची घातली तर सुमारें सहापट. पाण्याचें नळीच्या अंगाशीं होणारें घर्षण पोकळी वाढल्यावर झपाट्यानें कमी होतें, त्याचा हा परिणाम आहे. म्हणून कमी दाबाच्या पाण्यास बारीक व जाड कवचाची नळी घेण्यापेक्षां रुंद पोकळीची घेणें शहाणपणाचें आहे. आपल्या नळीचें पाणी किती हें मोजण्यास यंत्र लागत नाहीं: १५ लीटरची बादली व मनगटावरचें घड्याळ पुरे. बादली एका मिनिटांत भरली तर मिनिटास १५ लीटर. हें माप वर्षांतून दोनदां घेतल्यास नळींत कोठें गाळ किंवा मुडप आहे काय तेंही कळतें.

नळी मधोमध क्वचित् फाटते; फाटते ती टोंकाशीं. तोटीवर चढविलेली नळी तेथून सरळ खालीं मोडते, आणि रोज त्याच जागीं मोडून तेथें चीर जाते. तोटीचें तोंड आडवें असेल तर एक बांक लावून तें जमिनीकडे करावें, म्हणजे नळी सरळ लोंबते. तारेनें आवळलेली नळी तारेनेंच कापली जाते. पट्टीची क्लिप थोड्या पैशांत मिळते, तीच लावावी. टोंक चढत नसेल तर तें कढत पाण्यांत क्षणभर बुडवावें, दिव्याच्या ज्योतीवर धरूं नये. दरसाल उन्हाळ्याच्या आरंभीं दोन्ही टोंकें चार-चार बोटें कापून नव्यानें चढवावींत. एवढ्यानें नळीचें आयुष्य वर्षाभरानें वाढल्याचें माझ्या वहींत दोनदां आढळलें आहे.

हौदाच्या कांठावरून नळी आंत सोडण्याची चालही वाईट. दगडी किंवा सिमेंटच्या धारेवर ती झिजते, आणि म्हैस मान घासतांना तिला बाहेर फेकते. शेळ्या तर नळी चघळतातच. उन्हाळ्यांत उंदीर व खारी पाण्याच्या वासानें ठिबकच्या नळ्या कुरतडतात हें बागाईतदारांस सांगणें नको. हौदाच्या नळीची गत तीच. येथें प्लॅस्टिकची कोणतीही जात उपयोगी नाहीं. हौदाशेजारीं विटांचा हातभर खांब बांधून त्यांतून लोखंडी नळ वर घ्यावा, बगळ्याच्या मानेसारखा वांकवून त्याचें तोंड हौदावर आणावें, व बॉल कॉकाचा भाग फरशीनें किंवा जाळीनें झांकून जनावरांच्या तोंडापासून निराळा करावा. मग दातांशीं नळीचा संबंधच येत नाहीं.

ह्या सर्वांवरून वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं टिकाऊ नळी शोधण्याचा खरा उपाय नळी आंखूड करणें हा आहे. जो रस्ता कायमचा आहे तेथें नळीचें कामच नाहीं; तेथें काळा एच.डी.पी.ई. नळ जमिनींत गाडावा. तो दीड-दोन फूट खोल, नांगराच्या फाळाखालीं असला म्हणजे ऊन नाहीं, दांत नाहीं, चाक नाहीं. खालीं-वर बारीक माती घालावी, टोंकदार दगड अंगास लागूं देऊं नयेत. नळ दोरीसारखा ताणून न घालतां किंचित् नागमोडी घालावा. पॉलिथीन तापमानानें फार लांबतें व आंखडतें. १०० फुटांचा नळ ३० अंशांच्या फरकानें सुमारें अर्धा फूट कमीजास्त होतो. दुपारीं उन्हांत ताणून जोडलेला नळ पहाटे आंखडून सांध्यांतून निसटतो, तो ह्याच कारणानें. विकत घेतांना हेंही पाहावें कीं या नळाचें माप बाहेरच्या व्यासाचें असतें. ३२ मिलिमीटरचा नळ म्हणजे ३२ मिलिमीटर पोकळी नव्हे. पिण्याच्या पाण्यासाठीं आय.एस. ४९८४ हें मानक आहे, व तो आंकडा आणि मानक ब्यूरोचें चिन्ह नळावरच छापलेलें असतें. पावतीवरही तो आंकडा लिहून घ्यावा. लिहून देण्यास दुकानदार कां-कूं करूं लागला तर दुसऱ्या दुकानीं जावें.

विहीर एका गटांत व गोठा दुसऱ्यांत, आणि मध्यें भाऊबंदाची जमीन, हा प्रसंग आपल्याकडे नेहमींचा. वरून टाकलेली नळी तो कुळव फिरवितांना बाजूस फेकतो किंवा कापतो, आणि भांडण लागतें. अशा वेळीं महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याचें कलम ४९ पाहावें. शेतीच्या कामासाठीं दुसऱ्याच्या जमिनींतून पाण्याची वाट नेण्यास परवानगी देण्याचा अधिकार त्या कलमान्वयें तहसीलदारास आहे, आणि वाट जमिनीखालून नळानें नेली तर नळ निदान अर्धा मीटर खोल असावे लागतात. अर्ज करण्यापूर्वीं शेजाऱ्याशीं बोलून संमति कागदावर घेतां आली तर फार उत्तम. महसूल खात्यांत आयुष्य घालविलेला मनुष्य तडजोडीची भलावण करतो याचें कांहींस नवल वाटेल. परंतु पाणी गुरांस ह्याच उन्हाळ्यांत हवें असतें, आणि प्रकरणास तारखा पडतात.

तथापि जेथें जागा रोज बदलते तेथें लांब नळीवांचून गति नाहीं. मेंढरांचा तळ, रानांतली खोप, भाड्यानें घेतलेला गोठा, टँकरचें पाणी, हे सर्व प्रसंग असेच. सन २०१३ व सन २०१९ च्या दुष्काळांत माण, खटाव, आटपाडी, सांगोला या टापूंत ज्या गुरांच्या छावण्या उघडल्या होत्या, त्यांतील पुष्कळांत पाण्याची सारी मदार टँकरवर असे. छावणीच्या तपासणीच्या कामीं मी हजर असतां पाहिलें कीं टँकर वेळेवर येऊनही पाणी उतरण्यास खोळंबा होई, कारण नळी टँकरच्याच चाकाखालीं येऊन फुटलेली असे. खिल्लार बैल पाण्याचा वास येतांच दावें ताणूं लागत, आणि माणसें पोत्याच्या चिंध्यांनीं नळी बांधीत बसत. अशा कामास चपट्या घडीची नळी, जिला बाजारांत लपेटा पाइप म्हणतात, ती सोयीची. ती हलकी असून तिची पोकळी मोठी असते व पाणी सोडल्यानंतर ती गुंडाळून सावलीस ठेवतां येते. मात्र तिला बाभळीचा कांटा सोसत नाहीं, दाब कोंडलेला सोसत नाहीं, आणि ओलीच गुंडाळून टाकली तर आंत कुबट वास धरतो. जेथें गाडीची वाट ओलांडावयाची असेल तेथें लोखंडी नळाचा तुकडा वाटेंत पुरून त्यांतून ती ओढून घ्यावी.

दुकानांत पारख कशी करावी? नळीचा लहान तुकडा मागून घ्यावा. न दिल्यास घेणें सोडावें. तो घडी करून दाबावा: पांढरी रेघ उमटून ती तशीच राहिली, किंवा घडीवर तडा गेला, तर मालांत खडूची भुकटी फार आहे असें समजावें. ही भुकटी स्वस्त व जड असते, म्हणून किलोच्या भावानें विकल्या जाणाऱ्या मऊ नळींत वजन हा गुण न राहतां पुष्कळदां दोष होतो. पॉलिथीनचा म्हणून जो नळ दाखवितील त्याचा तुकडा बादलींत टाकावा. खरें पॉलिथीन पाण्याहून हलकें असल्यामुळें तरंगतें. बुडालें तर त्यांत दुसरें कांहीं भरलेलें आहे. मऊ पी.व्ही.सी. मात्र चांगलेंही बुडतें, तेव्हां ही परीक्षा त्यास लावूं नये. कापलेल्या कडेस बुडबुडे दिसत असतील, कवच एका बाजूस जाड व दुसऱ्या बाजूस पातळ असेल, किंवा जळकट उग्र वास येत असेल, तर तो माल गुरांच्या पाण्यास योग्य नाहीं. पी.व्ही.सी. टिकावा म्हणून त्यांत शिशाचे क्षार घालण्याची चाल पूर्वींपासून होती. केंद्र सरकारनें सन २०२१ मध्यें पी.व्ही.सी.चे नळ व जोड यांतील शिशाविषयीं नियम केले आहेत. मऊ नळी घेतांनाही ती पिण्याच्या पाण्यास चालते असें पावतीवर लिहून मागण्यास हरकत नाहीं.

आतां ज्या गोष्टींत जनावराचा जीवच जातो, ती सांगतों. हौदाची नळी हीच फवारणीचें पिंप भरण्यास वापरण्याची चाल सर्वत्र आहे. गडी नळीचें टोंक पिंपांतील औषधांत बुडवून ठेवतो व दुसऱ्या कामास लागतो. इतक्यांत वीज जाते. उभ्या नळांतील पाणी खालीं उतरूं लागतें, आणि जातां जातां मागील पाण्यास ओढतें. पिंपांतील विष उलट्या दिशेनें नळींत, तेथून टाकींत किंवा विहिरींत शिरतें. वीज परत येते, हौद भरतो, आणि गुरें तें पाणी पितात. विहिरीवरच्या फूट व्हॉल्व्हवर विसंबूं नये. त्याखालीं कचरा अडकला कीं तो पुरता मिटत नाहीं. याला उपाय अगदीं साधा आहे: कोणत्याही भांड्यांत, मग तो हौद असो कीं पिंप असो, नळीचें तोंड पाण्याच्या पातळीच्या निदान चार बोटें वरच असावें. मध्यें हवा राहिली म्हणजे उलट ओढ लागूंच शकत नाहीं. फवारणीची नळी निराळी ठेवावी, तिच्यावर तांबडा पट्टा ओढावा, आणि ती गोठ्यांत टांगूं नये. विद्राव्य खतें देण्याची नळी असेल तर तिलाही हाच नियम. युरियाचें पाणी गुरांस विषासारखें आहे.

उन्हांत पडलेल्या नळींतील पहिलें पाणी गुरांस सोडूं नये. १०० फूट लांबीच्या एक इंची नळींत सुमारें १५ लीटर पाणी असतें. मे महिन्यांत तें हातास सोसवत नाहीं इतकें तापतें व त्यास प्लॅस्टिकचा वास येतो. म्हशी तें हुंगून माघारीं फिरतात. पहिली बादली झाडाच्या आळ्यांत सोडून मग नळी हौदाकडे न्यावी. काम झाल्यावर ती रिकामी करून, खिळ्यावर न टांगतां जुन्या चाकाच्या धांवेवर किंवा फुटक्या पिंपावर गुंडाळावी. खिळ्यावर तिच्याच वजनानें तिला मुडप पडते. हौद पंधरवड्यास घासून आंतून चुना लावावा, म्हणजे शेवाळ धरत नाहीं.

निकामी झालेल्या नळीचे चांगले तुकडे पुष्कळ उपयोगी आहेत. उभा चिरून हौदाच्या धारेवर बसविला तर जनावराची मान सोलत नाहीं. बादलीच्या कडीवर, दाव्याच्या घासणाऱ्या जागीं, कोवळ्या झाडास बांधावयाच्या तारेवर तो चढवितां येतो. उरलेली नळी भंगारवाल्यास द्यावी. चुलींत किंवा बंबांत ती घालूं नये, पी.व्ही.सी. जळतांना आम्लाचा विषारी धूर निघतो, आणि गोठ्याशेजारीं तो झाल्यास माणसांप्रमाणेंच गुरांनाही खोकला लागतो.

नवी नळी किंवा नळ घालावयाचा असेल तर तें काम फाल्गुनांतच उरकावें. चैत्र लागला म्हणजे दुकानांत गर्दी, प्लंबरच्या हातीं वेळ नाहीं, आणि गाडण्याची जमीन पहारेनेंही उकरत नाहीं इतकी कडक होते.